हातोडा पडण्याआधी पॉलिसी उघडा

प्रश्न: कर्वेनगरला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट आहे, कार्पेट साधारण 600 चौरस फूट, इमारत 1994 ची. मी शाळेतून निवृत्त झाले आहे आणि सिंहगड रस्त्याला राहते. या फ्लॅटचं भाडं हाच माझ्या पेन्शनला जोड. भाडेकरू या महिन्यात जागा सोडताहेत, तेव्हा एकदाच सगळं काम काढायचं ठरवलंय. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर आणि वायरिंग नवं करायचं, हॉलकडची भिंत काढायची आणि 70 फुटांची टेरेस बंद करून खोलीत घ्यायची. खर्च नऊ लाखांच्या आसपास. कॉन्ट्रॅक्टर मुलाच्या मित्राच्या ओळखीचा आहे. काम लेबर रेटने, माल आम्ही आणायचा. त्याची दोन माणसं रात्री तिथेच झोपतील. घराची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे, 2022 साली बँकेतून दहा वर्षांसाठी घेतलेली, विमा रक्कम 15 लाख. एजंट म्हणतो, "मॅडम, सगळं कव्हर आहे, काही करायला नको." मुलगा म्हणतो, वेगळा विमा घे. सोसायटीचे सेक्रेटरी 'कोणत्याही नुकसानीस मी जबाबदार राहीन' असं हमीपत्र मागताहेत. फ्लॅटमधलं आमचं फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा तेवढे दिवस पार्किंगमध्ये झाकून ठेवायचा विचार आहे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, एजंटचं तेवढं ऐकू नका. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. 2022 साली ज्या घराची पॉलिसी त्याने काढून दिली, त्या घराबद्दल तो बोलतोय. त्या घरात कुटुंब राहत होतं, भिंती जागेवर होत्या आणि रात्री हॉलमध्ये थिनरच्या डब्याशेजारी कुणी झोपत नव्हतं. पुढच्या महिन्यात ते घर तसं राहणार नाही. हे विमा कंपनीला तुमच्या पत्रातून कळायला हवं. क्लेमनंतर नुकसानीची पाहणी करायला आलेल्या सर्व्हेअरने ते सांगितलं, तर पुढचे सहा महिने पत्रव्यवहारात जातील.

आधी हातात काय आहे ते बघू. 'भारत गृह रक्षा' ही कुठल्या एका कंपनीच्या डोक्यातून आलेली पॉलिसी नाही. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ही एकाच साच्याची पॉलिसी आणली, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी मूळ मजकूर सारखाच असतो. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात आहे. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. कार्पेट 600 फूट, दर फुटाला 2,500 रुपये, म्हणून तुमचे 15 लाख. फ्लॅटचा बाजारभाव यात धरत नाहीत, आणि धरूही नये. जमिनीला आग लागत नाही. शिवाय तुमच्यासारख्या अनेक वर्षांच्या पॉलिसीत ही रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, संरक्षण वेगळं काही न सांगता मिळतं. तुमच्या बाबतीत ते मूळ रकमेवर तीन लाख होतं. पॉलिसी चांगली आहे, मोडू नका.

पण ही धोक्यांची नावं घेऊन लिहिलेली पॉलिसी आहे. यादीत जे नाही त्याचे पैसे नाहीत. कॉन्ट्रॅक्टरने नको ती भिंत पाडली आणि वरचा स्लॅब खाली आला, असा धोका त्या यादीत कुठेही नाही. जमीन खचण्याच्या कलमात तर पाडकाम, बांधकाम, रचनेतले बदल, दुरुस्ती, सदोष डिझाइन आणि निकृष्ट काम यांमुळे झालेलं नुकसान शब्द वापरून वगळलं आहे. म्हणजे तुम्ही जे करायला निघाला आहात, नेमकं त्यातूनच उद्भवणारं नुकसान ही पॉलिसी घेत नाही. कामाच्या दिवसांत आग लागली तर मात्र ती आगच. एखाद्या मजुराच्या निष्काळजीपणाने लागली म्हणून तेवढ्यावर क्लेम बुडत नाही. फक्त घरात काम चालू आहे हे कंपनीला आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

टेरेसबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. या पॉलिसीत एक अट आहे. घराचं कार्पेट क्षेत्र मूळ क्षेत्राच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढेल असा बदल केला आणि जादा प्रीमियम भरून तो पॉलिसीत नोंदवून घेतला नाही, तर त्या वाढीव भागाला संरक्षण नाही. मुख्य घराच्या कार्पेटमध्ये उघडी टेरेस आणि बाल्कनी मोजत नाहीत. तुम्ही 70 फूट आत घेणार, म्हणजे 600 वर साडेअकरा टक्क्यांच्या वर. पन्नास फुटांची असती तर हा प्रश्नच आला नसता. आणि विमा राहू द्या, टेरेस बंद करायला महापालिकेची परवानगी घेतली आहे का? कोथरूड-कर्वेनगरच्या निम्म्या इमारतींवर अॅल्युमिनियमच्या खिडक्या लावलेल्या टेरेसेस दिसतात, तेव्हा "सगळेच करतात" हे उत्तर तयार असेल. सेक्रेटरी ते मान्यही करतील. सर्व्हेअर करणार नाही. माझं स्पष्ट मत: परवानगी नसेल तर टेरेस या खेपेला सोडून द्या. भाड्यात त्या 70 फुटांनी फार फरक पडत नाही.

भिंतीचंही तसंच. 1994 ची इमारत म्हणजे बहुधा आरसीसीची, भार खांब-तुळयांवर असलेली, आणि मधली भिंत नुसती पार्टिशनची असण्याची शक्यता जास्त. पण "बहुधा" या शब्दावर ब्रेकर चालवू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, भिंत काढायला हरकत नाही असं त्याच्या लेटरहेडवर घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं, तेव्हा सोसायटीकडे अहवाल असेल तर त्याचीही प्रत मागा. नसेल, तर सेक्रेटरींना तुमच्याकडे हमीपत्र मागण्याआधी जरा घाम फुटू द्या.

आता मुलाचं म्हणणं. तो बरोबर आहे, पण कुठला विमा हे त्याने सांगितलेलं दिसत नाही. बांधकामाच्या कामासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' नावाची पॉलिसी असते. तिचे दोन भाग. पहिल्यात चालू काम आणि त्यासाठी आणलेला माल, दुसऱ्यात या कामामुळे तिऱ्हाइताचं झालेलं नुकसान. तुम्हाला दुसरा भाग हवा आहे, कारण तुमच्या बाथरूमखाली कुणाचं तरी बाथरूम आहे. कोबा फोडताना नहाणी ट्रॅप हलतो, जुना जीआय पाइप ब्रेकरने तडकतो आणि खालच्यांचं पीओपी, फर्निचर, कधी कधी संगणक असा सगळा हिशेब तुमच्या दारात येतो. तुमची घराची पॉलिसी तुमच्या घराच्या नुकसानीची आहे. खालच्या काकांच्या छताशी तिचा संबंध नाही. हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचे पैसे तर कुठल्याच पॉलिसीतून सहसा मिळत नाहीत, त्यामुळे वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायची चाचणी खालच्या मजल्यावरच्यांना समोर उभं करून घ्या. ती फुकट आहे.

ही पॉलिसी घेताना एक गोष्ट नीट विचारा. तिच्या छापील मजकुरात दुसऱ्या भागाखाली एक वगळणूक हमखास असते: कंपनांमुळे, किंवा आधार काढल्याने अथवा कमकुवत झाल्याने झालेलं नुकसान. तुमच्या कामात ब्रेकरही आहे आणि भिंत काढणंही आहे. म्हणजे ज्याची भीती म्हणून पॉलिसी घेतली तेच बाहेर. जादा प्रीमियम भरून हे परत आत घेता येतं, त्याला एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती, लागते, आणि ती मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दुसरी एंडॉर्समेंट मालकाच्या आसपासच्या मालमत्तेची, म्हणजे काम न चाललेल्या तुमच्याच खोल्यांची. नऊ लाखांचं काम म्हटल्यावर काही कंपन्या नाक मुरडतील, त्यांना ते किरकोळ वाटतं. एजंटऐवजी परवानाधारक ब्रोकर गाठा, तो चार कंपन्यांकडे विचारू शकतो. ही पॉलिसी कॉन्ट्रॅक्टरने काढली तरी चालेल, पण त्यात मालक म्हणून तुमचं नाव आणि कामाचा पत्ता हवा, आणि प्रत तुमच्या हातात हवी. "आमची वार्षिक पॉलिसी आहे" हे फोनवरचं वाक्य ऐकून गप्प बसू नका.

आता त्या दोन माणसांविषयी. झोपायला राहणारी दोन, शिवाय गवंडी, प्लंबर, वायरमन, बिगारी धरून सहा-सात जण येत-जात राहतील. यांच्यापैकी कुणी घोडीवरून पडला किंवा उघड्या वायरला चिकटला तर? 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. त्या कायद्याचा रुळलेला हिशेब असा: मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला अंक. तीस वर्षांच्या माणसासाठी तो अंक 207.98, आणि हिशेबाला पगार महिना 15,000 पर्यंत धरत. म्हणजे 15,59,850 रुपये. तुमच्या संपूर्ण नूतनीकरणाच्या दीडपटीहून जास्त. ही जबाबदारी आधी नोकरीवर ठेवणाऱ्याची, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची. मूळ मालकावर ती येते ती त्याच्या धंद्याच्या कामासाठी कॉन्ट्रॅक्ट दिलं असेल तेव्हा, आणि भाड्याने द्यायचं घर हा धंदा की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. तुम्हाला त्या वादात उभं राहायचं नसेल तर कॉन्ट्रॅक्टरकडे डब्ल्यूसी पॉलिसी आहे का ते बघा. बाजारात ती अजून याच नावाने मिळते, वर्कमेन कॉम्पेन्सेशनची. कर्वेनगरचा पत्ता, माणसांची संख्या, पगार आणि मुदत जुळते का, आणि उपचारांच्या खर्चाची जोड घेतली आहे का, हे तपासा. नसेल तर तुम्हीच काढा आणि प्रीमियम त्याच्या बिलातून वळता करा. नऊ लाखांच्या कामात या खर्चावरून जो कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करतो, तो अपघाताच्या दिवशी फोन उचलेल असं मला वाटत नाही. आणि एखाद्या सुताराला किंवा रंगाऱ्याला तुम्ही परस्पर रोजावर लावलंत, तर तिथे मालक तुम्हीच.

रात्री झोपण्याबद्दल माझा सल्ला नको असाच आहे. तिथे स्वयंपाक होतो, तात्पुरत्या वायरवर हीटर लागतो, पॉलिशचं सामान कोपऱ्यात असतं. अगदीच इलाज नसेल तर कंपनीला कळवण्याच्या पत्रात ते लिहा, आणि अग्निशामक सिलिंडर घेऊन ठेवा.

चोरी हा विषय लोकांना सर्वांत चुकीचा माहीत असतो. 'भारत गृह रक्षा'मध्ये साध्या चोरीला संरक्षण नाही. आग, पूर अशी एखादी विमा असलेली घटना घडली आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच पैसे मिळतात. एरवी घरफोडीचा वेगळा विमा लागतो, आणि त्यात कुलूप तोडून, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. तुमच्याकडे काय होईल? नवे नळ आणि तांब्याच्या वायरची बंडलं गायब होतील, दार शाबूत असेल, कारण किल्ली ज्याच्याकडे होती तोच आत होता. असा क्लेम बसत नाही. यावर विम्यापेक्षा करार बरा. लेबर रेटमध्ये माल तुमचा, म्हणून चोरीही तुमचीच. माल धरून काम दिलंत आणि 'ताबा देईपर्यंत मालाची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरची' असं लिहून घेतलंत, तर ही डोकेदुखी त्याची होते. लेबर रेट स्वस्त पडतो हे खरं, पण सिंहगड रस्त्यावरून तुम्ही रोज टाइलच्या पेट्या मोजायला जाणार आहात का? निदान नळ, गीझर, वायर, चिमणी या वस्तू बसवायच्या दिवशीच आणा.

ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर असला की आणखी एक गंमत होते. विमा कंपनी तुम्हाला भरपाई देते आणि मग नुकसान ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडून ती वसूल करायला जाते, तो तिचा हक्क आहे. तुम्ही आधीच मोठ्या मनाने "काही झालं तरी तुझ्याकडे मागणार नाही" असं लिहून दिलं असेल, तर तुम्ही कंपनीचा तो हक्क मारला असा अर्थ होतो आणि तुमचाच क्लेम अडकतो. बोलताना गोड बोला. लिहून काही देऊ नका.

घर रिकामं राहण्याचीही अट बघा. जुन्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत इमारत सलग 30 दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबायचं. तुमच्या पॉलिसीच्या अटींमध्ये काय लिहिलंय ते वाचा, आणि काहीही असलं तरी पत्रात लिहा की भाडेकरू अमुक तारखेला गेले, काम अमुक तारखेपर्यंत चालेल. पत्राबरोबर कामाची यादी, इंजिनिअरचा दाखला आणि आत्ताच्या घराचे फोटो जोडा. पोच घ्या. ईमेल केलात तर एजंटला न करता कंपनीच्या कार्यालयाला करा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं धरून चालू नका.

भाड्याचं थोडक्यात सांगते. कामामुळे बुडणाऱ्या भाड्याला कुठलाही विमा नाही, ते तुम्ही स्वतः ठरवून बुडवताय. आग किंवा पुरासारख्या घटनेने घर राहण्यालायक उरलं नाही, तर तुमच्या पॉलिसीत बुडालेल्या भाड्याची भरपाई आहे, दुरुस्ती होईपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. पण त्या दिवशी भाडेकरूच नसेल तर बुडालं काय, हा सर्व्हेअरचा पहिला प्रश्न असेल. म्हणून पुढचा लिव्ह अँड लायसन्स करार काम संपायच्या आत नोंदवता आला तर उत्तम. नव्या भाडेकरूला हेही सांगा की त्याच्या सामानाला तुमची पॉलिसी लागू नाही. नुसत्या सामानाची 'भारत गृह रक्षा' तो स्वतः घेऊ शकतो. आणि प्रीमियमची कर-वजावट शोधू नका. घरभाड्याच्या उत्पन्नातून जी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, त्यातच दुरुस्ती आणि विमा दोन्ही आले. कामासाठी कर्ज काढलंत तर त्याच्या व्याजाचं वेगळं बघता येतं.

फ्रिज आणि सोफा पार्किंगमध्ये नको. पॉलिसी तुमच्या घरातल्या सामानाची आहे, आणि खाली प्लॅस्टिक टाकून ठेवलेला सोफा घरात होता हे पटवणं कठीण जाईल. शिवाय तुम्ही सिंहगड रस्त्याला राहता. 25 जुलै 2024 ला तिथल्या एकता नगरीत पुराचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि कर्वेनगरही मुठेच्याच काठाला आहे. सामान स्वतःकडे आणा किंवा विकून टाका. नव्या स्वयंपाकघरात जुना फ्रिज तसाही ठेवणार नाही तुम्ही.

काम संपल्यावर बिलं घेऊन पुन्हा कंपनीकडे जा. भिंतीत पक्कं बसवलेलं फर्निचर, सॅनिटरी, वायरिंग हे इमारतीत धरतात, आणि नऊ लाखांनंतर तुमच्या घराचा फुटाचा दर 2,500 राहिलेला नसेल. वाढीव रकमेची एंडॉर्समेंट करून घ्या. कर्ज फिटलं असेल तर पॉलिसीवरचं बँकेचं नावही त्याच फेरीत काढून टाका, नाहीतर क्लेमचा चेक बँकेच्या नावाने निघेल. कंपनीने पुढे कधी विनाकारण अडवलं, तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, वकील लागत नाही आणि फी नाही.

राहिले सेक्रेटरी. हमीपत्र द्या, नाही म्हणू नका. खालच्या-वरच्या लोकांची काळजी घेणं त्यांचं कामच आहे. पण 'कोणत्याही नुकसानीस' ही शब्दरचना मान्य करू नका. तशा पत्राने कायद्याने तुमच्यावर नसलेली जबाबदारीही तुम्ही अंगावर घेता, आणि केवळ कराराने ओढवून घेतलेली जबाबदारी विमा कंपन्या सहसा भरत नाहीत. त्याऐवजी असं लिहा: 'माझ्या फ्लॅटमधील नूतनीकरणाच्या कामामुळे थेट झालेल्या आणि परवानाधारक इंजिनिअरच्या पाहणीत तसे आढळलेल्या नुकसानीची दुरुस्ती करून देण्यास मी जबाबदार राहीन.' खाली कामाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कामाच्या वेळा, आणि राडारोडा कोण कधी उचलणार ते. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींना बरोबर घेऊन खालच्या, वरच्या आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या छतांचे, भिंतींचे तारखेसह फोटो काढा आणि त्यावर दोघांच्याही सह्या घ्या. 1994 च्या इमारतीत भेगा आधीपासूनच असतात.